टीप कोणत्या खात्यात लिहायची?

मोरा हे उरणचे बंदर. इंग्रजी अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता, म्हणून मोऱ्याच्या नावापुढे पनवेलचे नाव लागत असे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच घारापुरीचे बेट बाजूला ठेवून तासाभरात येथे येते. ओहोटी मोठी असली की गाळामुळे तिला धक्का गाठता येत नाही आणि उतारूंना भरतीची वाट पाहत बसावे लागते. बंदराशी कोळीवाडा, आसपास मिठागरे आणि थोड्या अंतरावर उरणची बाजारपेठ. किराणा, कापड, भांडी, सोने-चांदी अशा दुकानांच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली जैन कुटुंबे कोकणपट्टीतील बहुतेक बंदरगावांत आढळतात. संख्या मोजकी, परंतु परस्परांची ओळख पूर्ण. कोणाच्या घरी मासक्षमण चालू आहे आणि कोणाची उधारी अडकली आहे, हे सर्वांना सारखेच ठाऊक असते.

अशा लहान संघात दूरच्या भूकंपाची वार्ता आली की पहिल्या दोन दिवसांत काय घडते, ते व्यापारी घराण्यांना निराळे सांगावयास नको. सायंकाळी दुकाने वाढवल्यावर उपाश्रयात किंवा एखाद्या ज्येष्ठाच्या ओटीवर मंडळी जमतात आणि टीप सुरू होते. टीपेचा अलिखित नियम असा की, पहिला आकडा घराणे पाहून मांडला जातो आणि पुढचे सारे आकडे त्या पहिल्याकडे पाहून. प्रथम नावापुढे अकरा हजार पडले, तर दुसरा पंधरा लिहून वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप करीत नाही, आणि पाचशे लिहिणाऱ्याचा हात जरा थबकतो. यासाठीच जुन्या मंडळींनी गुप्तदानाची पेटी शेजारी ठेवण्याची चाल पाडली. ती चाल शहाणपणाची होती. लहान दुकानदाराची लाज राखली गेली की त्याची नोटही पेटीत येते, अन्यथा तो बैठकीलाच येत नाही.

रकमेचे जमले की एक प्रश्न निघतो, आणि तो बहुधा तरुणांपैकी कोणी विचारतो. देरासरच्या नावावर बँकेत मुदत ठेव आहे, दरवर्षी पर्युषणातल्या बोल्यांची रक्कम तीत जमा होते. माणसे ढिगाऱ्याखाली असताना ती ठेव मोडून पाठवली तर काय बिघडेल? बैठकीत क्षणभर शांतता पसरते. नंतर एखादे वयोवृद्ध श्रावक सावकाश सांगतात की ते देवद्रव्य आहे, त्याला हात लावता येणार नाही. तरुण गप्प बसतो. पण घरी जाताना त्याच्या मनात, धर्म मोठा की माणूस, हे शल्य राहते. पुढच्या बैठकीला तो येईलच असे नाही.

हे शल्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. म्हणून वृद्ध श्रावकाच्या उत्तरामागे काय आहे ते नीट पाहिले पाहिजे.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत दानासाठी सात क्षेत्रे सांगितली आहेत: जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. वरच्या क्षेत्रासाठी आलेले द्रव्य खालच्या क्षेत्राकडे वळवायचे नाही; खालचे मात्र गरजेनुसार वर नेता येते. भगवंतासमोर बोललेल्या बोलीचे द्रव्य मूर्ती आणि मंदिर यांच्याच कामी येते. मुक्या प्राण्यांसाठीचे जीवदया खाते आणि दुःखी माणसासाठीचे अनुकंपा खाते ही या सातांहून वेगळी. दिगंबर परंपरेत देवाला अर्पण झालेले ते निर्माल्य, त्याचा उपभोग वर्ज्य. स्थानकवासी संघांत मंदिरच नसल्याने प्रश्न या रूपाने उभा राहत नाही, तथापि जीवदयेची आणि साधर्मिकांची खाती तेथेही वेगळी ठेवली जातात. तपशिलात भेद असले तरी सूत्र एकच आहे. देणाऱ्याने ज्या हेतूने दिले, तो हेतू रकमेला कायमचा चिकटलेला असतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक खात्याचा धनी वेगळा आहे आणि विश्वस्त हा केवळ सही करणारा आहे.

या सूत्राला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे, हे आपल्या समाजात फारसे ठाऊक नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली आला. त्यातील काही कलमांनी न्यायालयाला धर्मादाय रकमेचे प्रयोजन बदलण्याचा विस्तृत अधिकार दिला होता. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले, आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचे अपीलही त्याच सुनावणीत होते. १९५४ च्या निकालात न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी स्पष्ट केले की, मूळ धार्मिक प्रयोजन अद्याप पार पाडता येण्याजोगे असताना ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवणे हा धर्मस्वातंत्र्यावरील आघात होय. दुसरे काम कितीही लोकोपयोगी असले तरी फरक पडत नाही. ती कलमे तेवढ्यापुरती अवैध ठरली. तेव्हा वृद्ध श्रावक जे बोलतात ते केवळ परंपरेचे हट्टाग्रही बोल नव्हेत. आज एखाद्या विश्वस्ताने भावनेच्या भरात देवद्रव्याची ठेव मोडली, तर हेतू कितीही थोर असला तरी धर्मादाय आयुक्तांसमोर उत्तर त्यालाच द्यावे लागेल.

परंतु तरुणाचा प्रश्नही चुकीचा नाही. फक्त तो अवेळी विचारला गेला आहे. भूकंप झाल्यावर कोणते खाते मोडायचे, असे विचारण्याऐवजी, भूकंपापूर्वी आपल्या संघात अनुकंपेचे खाते का नव्हते, असे विचारावयास हवे होते. पर्युषणात जीवदयेची टीप न चुकता होते, कारण पांजरपोळाचे पत्र दरवर्षी येते आणि कसाईखान्याकडे निघालेल्या जनावराचे चित्र मनासमोर असते. अनुकंपेची टीप मात्र धरणी हलल्यावरच आठवते.

आपल्या पूर्वजांची रीत याहून निराळी होती. कच्छमधील भद्रेश्वरचा जैन व्यापारी जगडू शाह याची कथा सर्वानंदाच्या ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात आहे. विक्रम संवत १३१३ ते १३१५, म्हणजे इसवी सन १२५६ ते १२५८ च्या सुमारास तीन वर्षांचा मोठा दुष्काळ पडला. जगडूने त्याआधीच ठिकठिकाणी कोठारे भरून ठेवली होती. गुजरातचा राजा वीसलदेव याची स्वतःची कोठारे रिकामी झाली, तेव्हा त्याने जगडूकडे धान्य विकत मागितले. जगडूने नम्रपणे सांगितले की हे धान्य विकण्याचा मला अधिकार नाही. कोठारातील ताम्रपट काढून पाहिला, तर त्यावर हे धान्य गरिबांसाठी आहे असे कोरलेले होते. कथेत कवीची अतिशयोक्ती असेल, तरी व्यापाऱ्याच्या डोळ्यांना तिच्यातील एक गोष्ट चटकन दिसावी. जगडूने धान्यावर नाव घातले ते दुष्काळ पडण्यापूर्वी. राजासमोर ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याला त्या ताम्रपटाने दिले. पुढे ते धान्य गरजूंना वाटले गेले.

महाराष्ट्राने गेल्या साठ वर्षांत दोन मोठे भूकंप पाहिले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दुसरा किल्लारीचा. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर घरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, कित्येकांचे उपवास होते, गावोगावच्या गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा घरी परतले होते. ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे कोसळली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे त्या भागात उन्हाळ्यात गार म्हणून बांधली जात. तीच झोपलेल्यांवर आली. सरकारी गणनेत मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे, अन्य काही गणना त्याहून अधिक सांगतात. बावन्न गावे जवळपास पूर्णपणे नष्ट झाली आणि ती पुढे नव्या जागी वसवावी लागली.

त्या वेळी राज्यातील गावागावांतून मदत निघाली. ट्रक भरून धान्य, चादरी, भांडी गेली. मदत कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, अनेक संस्थांनी गावे दत्तक घेऊन घरे बांधली. तथापि ज्या मुलांचे आई-वडील गेले, अथवा ज्यांचे घर-शाळा दोन्ही गेले, त्यांचे काय, या प्रश्नाला चादर हे उत्तर नव्हते.

येथे भारतीय जैन संघटनेने जे केले ते आपल्या समाजाने विसरू नये. पुण्याचे उद्योजक शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेली ही संस्था तोवर मुख्यत्वे समाजांतर्गत सुधारणांचे काम करीत असे. किल्लारीनंतर तिने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणले आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांची जबाबदारी स्वीकारली. ती मुले जैन नव्हती. त्यांच्या निवास-शिक्षणातून वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन केंद्राचे काम उभे राहिले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले यांनाही त्याच व्यवस्थेने आधार दिला.

हिशेबाच्या नजरेने पाहिल्यास या निर्णयाचे मोल अधिक कळते. घर बांधून देणे हा एकवेळचा खर्च आहे, त्याचे बिल एकदा येते. पहिलीतले मूल स्वीकारणे म्हणजे निदान दहा वर्षे दरमहा येणारे बिल स्वीकारणे. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आणून देणारे दाते चौथ्या वर्षी सापडत नाहीत, हे टीप फिरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. बाराशे मुलांची हमी घेणे हे कोणत्याही व्यापाऱ्याला धाडसाचेच वाटेल. मग ते निभावले कसे? याचे एक कारण बहुधा असे की, जैन समाजाला वसतिगृह चालवण्याची विद्या जुनी अवगत आहे. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग विसाव्या शतकाच्या आरंभीचे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत त्याच बोर्डिंगात राहिले होते. मुंबईचे महावीर जैन विद्यालय १९१५ पासूनचे. सोलापूरच्या श्राविकाश्रमाने किती निराधार स्त्रियांना अक्षरओळख दिली ते त्या भागात आजही सांगितले जाते. शंभर मुलांना वेळेवर जेवू घालणे, त्यांची फी भरणे, आजारात उशाशी बसणे, सुटीत कोणाचा मामा न्यावयास आला आहे याची खातरजमा करणे, ही कामे घोषणेने होत नाहीत. त्यांना गृहपती लागतो, स्वयंपाकाचा आचारी लागतो आणि खर्चाची रोजकीर्द लागते. समाजाच्या हाताला तो सराव होता. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने आपण पाठ म्हणतो. अनाथ मुलाला वसतिगृहात आणण्यात ती चारही एका छपराखाली आली.

कच्छचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा, सकाळी पावणेनऊच्या सुमाराचा. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुले आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत कोसळलेल्या घरांखाली गेले. जगडू शाहने जीर्णोद्धार केलेल्या भद्रेश्वरच्या तीर्थालाही मोठी हानी पोहोचली आणि ते नंतर पुन्हा उभारावे लागले. मोऱ्याची लाँच मुंबईत जेथे लागते तेथून दाणाबंदर, मशीद बंदर फार लांब नाही, आणि त्या पेठेतील धान्याच्या व्यापारात कच्छी विसा ओसवालांचे स्थान मोठे. किल्लारीची वार्ता कोकणातल्या दुकानदाराला वर्तमानपत्रातून आली होती. कच्छचे दुःख मात्र त्याला माल देणाऱ्या आडत्याच्या घरचे होते. भारतीय जैन संघटनेने या वेळी शाळा हेच काम निवडले आणि काही महिन्यांत ३६८ शाळांच्या इमारती उभारून दिल्या. कच्छच्या मुलांना गाव सोडावे लागले नाही. किल्लारीत जे मुलांना उचलून आणून साधले, ते तेथे शाळा मुलांजवळ नेऊन साधले.

याच भूकंपानंतर आयकर कायद्यात एक तरतूद झाली, जिची आठवण आजच्या तरुण चार्टर्ड अकाउंटंटांनाही क्वचितच असते. गुजरात भूकंपासाठी २६ जानेवारी ते ३० सप्टेंबर २००१ या काळात दिलेल्या देणग्यांना कलम ८०जी खाली शंभर टक्के वजावट मिळाली. पण देणगी घेणाऱ्या न्यासाला अटी होत्या. या रकमेचा हिशेब स्वतंत्र ठेवायचा, ती भूकंपग्रस्तांवरच खर्च करायची, आणि मुदतीत खर्च न झालेली शिल्लक पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधीत भरायची. मुदत वाढत वाढत ३१ मार्च २००४ पर्यंत गेली. कायदा करणाऱ्यांना सात क्षेत्रे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांनी लिहिलेला नियम देरासरच्या मुनीमाला अनोळखी वाटला नसता.

आता पुन्हा लहान गावाकडे यावे. वीस घरांचा संघ आहे असे समजू. प्रत्येक घराने दरमहा पाचशे रुपये अनुकंपा खात्यात दिले, तर महिन्याला दहा हजार होतात. सामान्य मुदत ठेवीचे साडेसहा टक्क्यांच्या आसपासचे व्याज धरले, तर पाच वर्षांत ही रक्कम सात लाखांवर जाते. पाचशे रुपये म्हणजे आजच्या दुकानात एका दिवसाचा चहापाणीखर्चही नाही. बैठकीत रडत-भांडत एका रात्रीत जमणाऱ्या टीपेपेक्षा ही रक्कम मोठी होण्याचा संभव आहे, आणि तिच्यात कोणाच्या पहिल्या आकड्याचा दबाव नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगणे आवश्यक आहे. सार्वजनिक न्यासाने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावा, असा आयकराचा नियम आहे. त्याहून अधिक साठवायचे तर विशिष्ट प्रयोजन लेखी कळवून पाच वर्षांपर्यंत साठवता येते, आणि मुदतीत त्याच प्रयोजनावर खर्च करावे लागते. ‘लोककल्याणासाठी’ असे मोघम लिहून चालत नाही. नैसर्गिक आपत्तीतील बाधितांना साहाय्य आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण, असे नेमके लिहावे लागते. एका अर्थी जगडूचा ताम्रपट आयकर खाते आपल्याकडून वेगळ्या नमुन्यात भरून घेते. संघाची नोंदणी नसेल, तर धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची अनुमती घेण्याची तरतूद कलम ४१क मध्ये आहे. गणेश मंडळे ती घेतात, आपले संघ पुष्कळदा विसरतात. ८०जीची पावती हवी असेल, तर रोख देणगी दोन हजारांहून अधिक नको. वस्तुरूप दानाला वजावट नाहीच. नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीस ही वजावट मिळत नाही, तेव्हा वजावटीसाठी देणाऱ्यांची संख्या पुढे घटेल. त्याची धास्ती वाटून घेण्याचे कारण नाही. पांजरपोळाला देणारा कधी वजावट विचारीत नाही.

वस्तूंविषयीही दोन शब्द. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ते कोणी नेले नाहीत. कापडाच्या दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल दानात काढण्याची वृत्ती आपल्यातही आहे, हे मान्य केलेले बरे. रोकड हलकी असते, ती ओहोटीतही पोहोचते आणि तिकडच्या बाजारातल्या दुकानदाराचे दुकानही तिने पुन्हा सुरू होते.

पाच वर्षांत सुदैवाने कोठे भूकंप झाला नाही तर काय, ही शंका निघेल. खात्याच्या प्रयोजनात आपत्तिग्रस्तांच्या मुलांचे शिक्षण लिहिलेले असेल, तर ते काम कधीही संपलेले नसते; दरडी कोसळतात, पूर येतात, आणि जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली, ते गाव रायगड जिल्ह्यातच आहे. तेथे वाचलेल्या एखाद्या मुलाची वसतिगृहाची फी, दहावीपर्यंत, एवढेही एखाद्या लहान संघाला पेलण्यासारखे आहे.

मोऱ्याच्या धक्क्यावर शेवटच्या लाँचची वेळ होते तेव्हा उरणच्या पेठेतील दुकानांत दिवसाची रोजकीर्द मिळवण्याचे काम चालू असते. संघाचे पावतीपुस्तक अशाच एखाद्या गादीच्या खणात असते. त्यात देवद्रव्य, ज्ञान, साधारण, जीवदया असे रकाने छापलेले असतात. पुढच्या छपाईला आणखी एक रकाना वाढवण्यास छापखान्याचा खर्च काही येत नाही. पर्युषणापूर्वी नवीन पुस्तके छापावयास जातात, तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्यास तेवढे सांगायचे.